बोटावरची शाई आणि यंत्रातली शाई

मतदान केंद्रातून बाहेर पडणारा नागरिक डाव्या हाताच्या तर्जनीवरची काळी रेघ अभिमानाने दाखवितो. ती साबणाने जात नाही, तेलाने जात नाही. नखाबरोबर वाढत वाढत काही आठवड्यांनी आपोआप नाहीशी होते. ही रेघ चांदीची असते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने या शाईचे सूत्र सिद्ध केले. म्हैसूरच्या वडियार राजघराण्याने १९३७ साली स्थापन केलेल्या आणि पुढे राज्य सरकारच्या मालकीच्या झालेल्या रंगाच्या कारखान्याकडे तिचे उत्पादन सोपविण्यात आले, आणि १९६२च्या तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती भारतीय मतदाराच्या बोटावर आली. आज ही शाई पंचवीसहून अधिक देशांना निर्यात होते.

या शाईचे रहस्य सिल्व्हर नायट्रेट या क्षारात आहे. त्वचेवरील मिठाशी त्याचा संयोग होतो, त्यावर प्रकाश पडतो आणि धातुरूप चांदीचे अतिसूक्ष्म कण सुटे होऊन त्वचेच्या वरच्या थरात रुतून बसतात. इतक्या बारीक अवस्थेत चांदी चकाकत नाही, काळी दिसते. याच सिल्व्हर नायट्रेटपासून आज जगात आणखी एक शाई तयार होते. तीही चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचीच असते. मात्र ती बोटाला लावायची नसते, तर छपाई यंत्रात भरायची असते, आणि ती कागदावर वा प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर उमटली की तिच्या रेघेतून वीज वाहते. तार नाही, डाग देणे नाही, तांब्याचा पत्रा नाही. अक्षर छापावे तसे विद्युत मंडल छापावयाचे. पहिली शाई भारत जगाला विकतो. दुसरीच्या बाबतीत भारत प्रामुख्याने ग्राहक आहे. प्रारंभीचे रसायन एकच असताना ही तफावत का पडली, याचा विचार स्वदेशीचे नाव घेणाऱ्या प्रत्येकाने करावयास हवा.

लहानपणाचे सामर्थ्य

कार्यालयातील इंकजेट प्रिंटर कसा चालतो, हे बहुतेकांनी पाहिलेले असते. केसाहून बारीक छिद्रांतून शाईचे थेंब कागदावर फेकले जातात. एकेक थेंब काही पिकोलिटरचा, म्हणजे लिटरच्या एक लाख कोटीव्या भागाच्या हिशेबातला. या तंत्राच्या जन्माची एक कथा प्रसिद्ध आहे. १९७७ साली जपानमधील कॅनन कंपनीच्या इचिरो एंडो या संशोधकाच्या हातून डाग देण्याची तापलेली सळई शाईने भरलेल्या सुईला चुकून टेकली. आतली शाई क्षणात उकळली, बुडबुडा झाला आणि सुईच्या टोकातून थेंब उडाला. दुसरा एखादा सुई फेकून देऊन कामाला लागला असता. एंडो यांनी त्या थेंबातून छपाईची एक संपूर्ण पद्धत उभी केली.

आता या छिद्रातून धातू पाठवायचा आहे. छिद्राचा व्यास साधारण वीस मायक्रॉन. चांदीची नेहमीची भुकटी त्यात घातली तर ते पहिल्याच दिवशी बुजेल. कण छिद्राच्या शंभराव्या भागाहून लहान असावा, असा या व्यवसायातील ढोबळ संकेत आहे. चांगल्या शाईतील चांदीचा कण वीस-तीस नॅनोमीटरचा असतो. माणसाचा एक केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड धरला, तर वीस नॅनोमीटरचे चार हजार कण एका केसाच्या रुंदीत शेजारी शेजारी बसतील.

परंतु छिद्रातून सुखरूप जाणे हा कण लहान असण्याचा अर्धाच लाभ आहे. उरलेला अर्धा अधिक नवलाचा आहे. चांदी ९६१ अंश सेल्सिअसला वितळते, हे शालेय पुस्तकातील सत्य. पण ते लगडीला लागू आहे. कण काही नॅनोमीटरवर आला की त्यातील अणूंचा फार मोठा वाटा पृष्ठभागावर येतो. पृष्ठभागावरच्या अणूला सर्व बाजूंनी शेजारी नसतात, त्याची पकड ढिली असते, म्हणून असा कण कितीतरी कमी उष्णतेवर शेजाऱ्याशी एकजीव होऊ लागतो. सोन्याच्या कणांवर हे मोजमाप बुफा आणि बोरेल या दोन शास्त्रज्ञांनी १९७६ साली प्रसिद्ध केले. याचा व्यवहारातील अर्थ असा, की चांदीच्या शाईची छापलेली रेघ शंभर ते दोनशे अंशांच्या साध्या भट्टीत ठेवली तरी कण एकमेकांत मिसळून अखंड वाट तयार होते. एवढी उष्णता काही प्लॅस्टिके सहन करतात, काही प्रकारचे कागदही सहन करतात. म्हणूनच विद्युत मंडल कागदावर, कापडावर, औषधाच्या पट्टीवर छापण्याची कल्पना शक्य कोटीत आली.

अडचण येते ती याच्या नेमकी उलट दिशेने. एकजीव होण्यास एवढे आतुर असलेले कण बाटलीतच एकत्र आले तर शाई राहतच नाही, तळाशी गाळ बसतो. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक कणाला सेंद्रिय रेणूंचा पातळ अंगरखा घालतात. पापडाच्या लाट्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून गृहिणी पिठी लावते, तसाच हा प्रकार. पण पिठी ही वीजवाहक नसते. छपाई होईपर्यंत जो अंगरखा हवा, तोच छपाईनंतर नको असतो. त्याला उष्णतेने, प्रखर प्रकाशाच्या झोताने वा रसायनाने घालवावे लागते. तो पूर्ण जात नाही, कणांत पोकळ्याही राहतात. म्हणून छापलेली रेघ घन चांदीच्या बरोबरीने वीज वाहत नाही. चौथा हिस्सा ते निम्म्यापर्यंत वाहकता मिळाली तर ती शाई चांगली समजली जाते. शाई बनविणाऱ्याचे सारे कसब या अंगरख्याच्या निवडीत असते. कोणता रेणू, किती लांबीचा, किती अंशांना सुटणारा, कोणत्या द्रवात टिकणारा, हे ज्ञान पेटंटमध्ये अर्धे लिहिलेले असते आणि अर्धे कारखान्याच्या भिंतीबाहेर येत नाही.

थेंब वाळण्याचेही शास्त्र आहे. टेबलावर चहाचा थेंब वाळला की मध्यभागी फिकट आणि कडेला गडद वर्तुळ उमटते, हे घराघरांत दिसते. कडेचे पाणी आधी उडते, ते भरून काढण्यासाठी आतला द्रव कडेकडे धावतो आणि आपल्याबरोबर कण वाहून नेतो. या साध्या डागाचा उलगडा शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली केला. चांदीच्या शाईत हेच घडले तर रेघेची कड जाड आणि मध्य पोकळ राहतो, आणि मंडल निकामी होते. त्यासाठी वेगवेगळ्या वेगाने उडणारे दोन द्रव मिसळून प्रवाह उलटा फिरवावा लागतो. चहाच्या डागाकडे शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहणारा समाज असल्या शाया बनवितो, एवढेच येथे नोंदवावे.

चांदी महाग, मग तांबे का नाही, असा प्रश्न कोणीही व्यवहारी माणूस विचारेल. तांब्याची वाहकता चांदीहून जेमतेम पाच-सहा टक्क्यांनी कमी आहे आणि चांदीचा भाव तांब्याच्या शंभरपटीहून अधिक आहे. पण तांब्याचा सूक्ष्म कण हवेत क्षणभरही शुद्ध राहत नाही. त्याचा प्राणवायूशी संयोग होतो आणि तयार होणारे ऑक्साइड वीज नीट वाहत नाही. यावरही तोडगे निघाले आहेत. अमेरिकेतील एका कंपनीने तांब्याच्या ऑक्साइडचीच शाई करून, छपाईनंतर क्षणार्धाच्या प्रखर प्रकाशझोताने तिचे तांब्यात रूपांतर करण्याची पद्धत बाजारात आणली. जपानमधील एलिफंटेक ही कंपनी धातूच्या कणांची पातळ रेघ छापते आणि तिच्यावर रासायनिक पद्धतीने तांब्याचे पूट चढविते. चांदीलाही तिचे दोष आहेतच. देवघरातील चांदीची भांडी काळी पडतात, ते हवेतील गंधकामुळे. आणि दमट हवेत विजेच्या दाबाखाली चांदीचे अणू एका रेघेकडून दुसरीकडे सरकत जाऊन मंडल शॉर्ट करतात, हा तर इलेक्ट्रॉनिकी व्यवसायातील जुना अनुभव आहे. कोकणच्या किंवा केरळच्या चार महिन्यांच्या पावसाळ्यात टिकणारी शाई कोरड्या हवेच्या प्रदेशातील प्रयोगशाळेत आपोआप तयार होईल, ही अपेक्षा भाबडी आहे.

विकेंद्रित उत्पादनाला साजेसे तंत्र

हे तंत्र राष्ट्रीय विचाराच्या अर्थचिंतनाला जवळचे का वाटावे, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. प्रचलित पद्धतीत विद्युत मंडल बनविताना आधी पूर्ण फळीवर तांब्याचा पत्रा चढवितात आणि मग नको असलेले तांबे आम्लादी रसायनांत विरघळवून काढून टाकतात. म्हणजे आधी सारे लावायचे आणि मग बहुतेक धुऊन टाकायचे. त्यासाठी मोठा कारखाना लागतो, पाणी लागते आणि धातूमिश्रित सांडपाण्याचा प्रश्न कायमचा मागे लागतो. छपाईत जेथे धातू हवा तेथेच तो पडतो. यंत्र एका खोलीत मावते. शंभर नग हवेत की लाख, यासाठी साचा बदलावा लागत नाही, संगणकातील आकृती तेवढी बदलते.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर जी चार व्याख्याने दिली, त्यांत यंत्राचाही विचार आहे. यंत्र त्याज्य नव्हे. पण ते देशाच्या परिस्थितीला अनुरूप असावे आणि प्रत्येक हाताला काम देण्याच्या उद्दिष्टाच्या आड येऊ नये, असा त्या विचाराचा रोख. इचलकरंजीच्या किंवा नाशिकच्या एखाद्या तरुण अभियंत्याने दोन खोल्यांत विद्युत मंडले छापावीत, शेतीच्या ओलाव्याचे संवेदक छापावेत, रुग्णालयांसाठी हृदयाचे ठोके टिपणाऱ्या पट्ट्या छापाव्यात, हे चित्र त्या विचाराशी सुसंगत आहे. ते स्वप्नरंजन नाही. २०१३ साली टोकियो विद्यापीठातील योशिहिरो कावाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरगुती प्रिंटरमध्ये चांदीची शाई भरून कागदावर चालती मंडले छापून दाखविली. सारी सामग्री सुमारे तीनशे डॉलरची होती.

मात्र या चित्रातील एक गोष्ट सहज नजरेआड होते. यंत्र एकदाच घ्यावे लागते, शाई मात्र दर महिन्याला. घरचा प्रिंटर स्वस्तात विकून शाईच्या डब्यांवर वर्षानुवर्षे कमावण्याचा धंदा कोणत्याही मध्यमवर्गीय कुटुंबाला नवा नाही. शाई परकी असेल तर दोन खोल्यांतला तो कारखाना नावाला स्वतंत्र आणि प्रत्यक्षात दूरच्या कुणाचा तरी कायमचा ग्राहक.

राळेपासून चांदीपर्यंत

ज्यांनी ही शाई बनविली, ते मूळचे कोण होते? जपानमधील हारिमा केमिकल्स ही कंपनी या क्षेत्रातील जुनी आणि नावाजलेली. ती १९४७ साली, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जपानमध्ये सुरू झाली, ती चीड वृक्षाच्या राळेचे पदार्थ बनविण्यासाठी. राळेपासून कागदाला लावण्याची द्रव्ये, मग डाग देताना लागणारे साहाय्यक द्रव्य, त्यातून इलेक्ट्रॉनिकीशी परिचय आणि त्यातून धातूच्या नॅनोकणांचा लेप. दुसरे नाव मित्सुबिशी पेपर मिल्सचे. कावाहारांच्या प्रयोगातील शाई या कंपनीची होती. ही तर कागदाची गिरणी; छायाचित्रणाचा कागद बनविता बनविता चांदीच्या रसायनाशी तिची ओळख झालेली. एप्सन ही घड्याळांच्या कुळातून आलेली कंपनी. तिने नोव्हेंबर २००४ मध्ये चांदीच्या शाईने वीस थरांचे विद्युत मंडल छापून दाखविले. आकाशातून पडल्यासारखे नवे ज्ञान यांपैकी कोणाकडेच आले नव्हते. जे काम हाती होते, त्याच्या तळाशी असलेले शास्त्र त्यांनी सोडले नाही, एवढेच.

राळ भारतातही आहे. हिमाचल प्रदेशातील नाहन येथे राळ आणि टर्पेंटाइनचा सरकारी कारखाना कित्येक दशकांपासून आहे. त्याची ओळख आजही राळ आणि टर्पेंटाइन हीच आहे. पण अधिक चटका लावणारी कथा उदकमंडलमची आहे.

हिंदुस्थान फोटो फिल्म्स हे नाव पन्नाशीपुढील वाचकांना आठवेल. १९६० साली स्थापन झालेल्या या सार्वजनिक उद्योगाची 'इंदू' नावाची फिल्म अनेकांच्या विवाहाच्या आणि मुंजीच्या छायाचित्रांत वापरली गेली आहे. रुग्णालयांत तिच्या क्ष-किरण फिल्म होत्या. छायाचित्राची फिल्म म्हणजे काय? चांदीच्या क्षाराचे अतिसूक्ष्म, एकसारख्या आकाराचे स्फटिक जिलेटिनमध्ये असे पसरवायचे की ते एकमेकांना चिकटणार नाहीत, आणि त्याचा थर पातळ प्लॅस्टिकवर सर्वत्र सारखा चढवायचा. चांदी, सूक्ष्म कण, त्यांना वेगळे ठेवणारा अंगरखा, लवचीक पापुद्रा, सम थर. नॅनोशाईला जी विद्या लागते, तिची जवळजवळ प्रत्येक पायरी निलगिरीच्या त्या कारखान्यातील कामगार आणि रसायनतज्ज्ञ रोज चढत होते.

डिजिटल कॅमेरा आला आणि फिल्मचा बाजार कोसळला. तो सर्वांचाच कोसळला. अमेरिकेच्या कोडॅकनेही २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पण जपानच्या फुजीफिल्मने आपल्याकडे फिल्म नव्हे तर सूक्ष्म रसायनांचे आणि पातळ थरांचे ज्ञान आहे, हे वेळीच ओळखले. २००६ साली तिने इंकजेटची मुखे बनविणारी डायमॅटिक्स ही अमेरिकन कंपनी विकत घेतली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत धातूच्या शाया छापून पाहण्यासाठी याच नावाची छोटी यंत्रे वापरली जातात. हिंदुस्थान फोटो फिल्म्स १९९६ मध्ये अधिकृतरीत्या आजारी उद्योग ठरला. पुढची अठरा वर्षे पुनरुज्जीवन की बंद, या फायलींच्या प्रवासात गेली, आणि २०१४ मध्ये कामगारांच्या स्वेच्छानिवृत्तीसाठी निधी मंजूर होऊन पडदा पडला. तोट्यातील कारखाना बंद करण्यावर आक्षेप असण्याचे कारण नाही. पण त्या यंत्रांची, जागेची आणि देण्यांची मोजदाद करणाऱ्यांच्या यादीत 'चांदीच्या रसायनाचे चार दशकांचे ज्ञान' असा रकानाच नव्हता, हे दुःख आहे. मशीन भंगारात विकता येते. हातातील विद्या कामगार निवृत्त होतो तेव्हा त्याच्याबरोबर घरी जाते.

पुण्यात काय घडले

भारतीय शास्त्रज्ञांनी काहीच केले नाही, असे म्हणणे मात्र घोर अन्याय ठरेल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या प्रारंभी जे काम केले, त्याची दखल साऱ्या जगाने घेतली. बुरशीच्या आणि वनस्पतींच्या साहाय्याने धातूचे नॅनोकण बनविता येतात, हे त्यांनी दाखविले. गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी कण तयार केल्याचा त्यांचा शोधनिबंध २००४ साली 'नेचर मटेरियल्स' या आघाडीच्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी कडुनिंबाच्या पानांच्या काढ्याने चांदीचे आणि सोन्याचे कण बनविल्याचे कामही प्रसिद्ध झाले. मराठी घरातील परसदारी असलेल्या दोन वनस्पती जगाच्या विज्ञानात जाऊन बसल्या.

पाषाण भागातच सी-मेट या केंद्रीय संस्थेची प्रयोगशाळा आहे. इलेक्ट्रॉनिकीला लागणारी द्रव्ये हेच तिचे काम, आणि चांदीचे वाहक लेप हा तिथला जुना विषय. कानपूरच्या आयआयटीत लवचीक इलेक्ट्रॉनिकीचे राष्ट्रीय केंद्र आहे. प्रा. सी. एन. आर. राव यांच्या पुढाकाराने २००७ साली पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपयांचे नॅनो मिशन सुरू झाले. म्हणजे बुद्धी होती, संस्था होत्या, निधीही अगदीच नव्हता असे नाही.

मग अडले कोठे? कडुनिंबाच्या काढ्यात तयार झालेला चांदीचा कण म्हणजे शाई नव्हे. त्यात लहानमोठे कण मिसळलेले असतात, वनस्पतीची अवशिष्ट द्रव्ये चिकटलेली असतात. ते एका मापाचे करणे, द्रवात महिनोन्महिने टिकविणे, शंभर बाटल्यांपैकी शंभरावी पहिलीसारखीच निघेल याची हमी देणे, हे सारे प्रसिद्धीला येण्यासारखे काम नाही. त्यावर शोधनिबंध होत नाही, पदोन्नती मिळत नाही. ते उद्योगाचे काम आहे, आणि भारतीय उद्योगाला आजवर तयार शाई आयात करून विकणे हे ती बनविण्यापेक्षा कमी कटकटीचे वाटत आले. प्रयोगशाळा आपल्या निबंधावर समाधानी, उद्योग आपल्या एजन्सीवर समाधानी. या दोन समाधानांच्या मधली जागा जपानी, युरोपीय, अमेरिकन आणि चिनी कंपन्यांनी व्यापली.

अभिमान आणि उत्पादन

नॅनोतंत्रज्ञानाचा विषय निघाला की आयुर्वेदातील भस्मांचा उल्लेख होतोच. तो निराधार नाही. सुवर्णभस्माच्या नमुन्यांत काही दशक नॅनोमीटरचे सोन्याचे स्फटिक आढळल्याचे आधुनिक परीक्षणांत दिसले आहे. पुन्हा पुन्हा पुटे देऊन धातूला इतक्या सूक्ष्म अवस्थेत नेणारे वैद्य हे कसलेले रसायनज्ञ होते, यात शंका नाही. पण व्यासपीठावरून 'हे सारे आमच्याकडे होतेच' असे सांगितले जाते आणि टाळ्या पडतात, तेव्हा श्रोत्यांच्या खिशातील मोबाइल फोनमधली वाहक द्रव्ये कोणत्या देशातून आली, हा प्रश्न कोणी विचारत नाही. भस्माने फोन चालत नाही. पूर्वजांचे कर्तृत्व हे मुद्दल आहे. त्यावर व्याज आपोआप मिळत नाही.

याच विषयाशी निगडित असा एक इतिहास तर सावध करणारा आहे. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे मध्ययुगात जस्ताचे ऊर्ध्वपातन, खरे तर अधःपातन, मोठ्या प्रमाणावर होत होते. अमेरिकेतील एएसएम या धातुविज्ञान संस्थेने १९८८ साली त्या स्थळाचा गौरव केला. जस्ताची वाफ खाली उतरवून थंड करण्याची ती युक्ती. तशाच स्वरूपाच्या पद्धतीचे पेटंट १७३८ साली इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने घेतले. पुढे जस्त युरोपचे झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जावरच्या भट्ट्या विझल्या. तंत्र होते, माणसे होती. त्याची नोंद, रक्षण आणि विस्तार करणारी व्यवस्था नव्हती. आज त्याच परिसरातील खाणींच्या शिसे-जस्ताच्या खनिजातून भारताची स्वतःची बहुतेक चांदी निघते. हिंदुस्थान झिंक ही कंपनी अलीकडच्या काळात वर्षाला सुमारे ७०० टन चांदी काढते आणि उत्तराखंडातील पंतनगरला ती शुद्ध करते. देशात दरवर्षी आयात होणारी चांदी मात्र हजारो टनांत मोजली जाते. ती पैंजणांत, ताटवाट्यांत आणि तिजोऱ्यांत जाते. चांदी शुद्ध करून विटा घालणारा देश तिचे सर्वांत मौल्यवान रूप बाटलीत भरलेले परत विकत घेतो.

स्वदेशी जागरण मंचाची स्थापना १९९१ मध्ये झाली, त्यानंतरच्या दशकात कार्यकर्त्यांच्या घराघरांत स्वदेशी-विदेशी वस्तूंच्या याद्या लावलेल्या असत. साबण, दंतमंजन, शीतपेय. त्या याद्यांनी एका पिढीला विचार करावयास लावले, हे नाकारता येणार नाही. आज तशी यादी करावयाची तर तिच्यात दुकानाच्या फळीवर न दिसणाऱ्या वस्तू घालाव्या लागतील. भारतात जुळविलेला फोन स्वदेशी म्हणावयाचा, तर त्याच्या आतील फळी, फळीवरील वाहक, वाहकातील कण हे कोणाचे?

या प्रश्नाची धार २०१९च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियाने अनुभवली. जपानने तीन रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध कडक केले. त्यांतले एक लवचीक पडद्यांना लागणारे पॉलिइमाइड होते. जगाला चिप आणि पडदे विकणारा बलाढ्य कोरिया तीन रसायनांपायी हवालदिल झाला आणि मग त्याने ती घरी बनविण्याचा ध्यास घेतला. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा भारतीय वाहन उद्योगाची जी धावपळ झाली, ती सर्वांच्या स्मरणात आहे. शस्त्र म्हणून वापरावयास क्षेपणास्त्रच लागते असे नाही.

सौर ऊर्जेत तर चांदीचे हे परावलंबन आजच दिसते. सौरघटावरच्या बारीक रुपेरी रेघा चांदीच्या लेपाने छापलेल्या असतात. तो लेप इंकजेटच्या शाईहून दाट आणि त्यातील कण मोठे, पण कुळ एकच. २०२३ मध्ये जगभरच्या सौरघटांनी सुमारे ६,००० टन चांदी वापरली आणि या लेपाच्या बाजारात चिनी कंपन्यांचे वर्चस्व आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेचे उद्दिष्ट एक कोटी घरांचे आहे. घराच्या छपरावर स्वावलंबन चढत असताना त्याच्या रेघा परावलंबी असाव्यात, ही विसंगती फार काळ चालू देण्यासारखी नाही.

सरकारची दिशा चुकीची आहे, असे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटींचा अर्धवाहक कार्यक्रम मंजूर झाला. मार्च २०२५ मध्ये सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटींची योजना आली. जुळवणीकडून घटकांकडे हा प्रवास योग्यच आहे. पण घटकाच्याही खाली द्रव्य असते, आणि द्रव्याचा उद्योग हा स्वभावतः लहान, चिवट आणि अनाकर्षक असतो. काही कोटींच्या कारखान्याच्या भूमिपूजनाला मंत्री येत नाहीत. त्याला अनुदानापेक्षाही अधिक गरज असते ती पहिल्या ग्राहकाची. नव्या शाईची बाटली पहिल्यांदा कोणी घ्यावी? खासगी उत्पादक जोखीम घेणार नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही.

म्हैसूरच्या शाईचा धडा नेमका येथे आहे. प्रयोगशाळेने सूत्र दिले, कारखान्याने ते घेतले, आणि निवडणूक आयोग हा ठरलेला, खात्रीचा, दर निवडणुकीला परत येणारा ग्राहक होता. तिन्ही कड्या जुळल्या म्हणून ती शाई टिकली आणि जगात गेली. आज सरकार स्वतः किती इलेक्ट्रॉनिकी विकत घेते, ते पाहावे. महामार्गावरील फास्टॅग, रेल्वेच्या वाघिणींवरील ओळखपट्ट्या, मेट्रोची कार्डे, ग्रंथालयांच्या पुस्तकांतील खुणा, सरकारी रुग्णालयांतील तपासणीच्या पट्ट्या. यांपैकी कित्येकांतील अँटेना किंवा वाहक रेघा छापता येण्याजोग्या आहेत. यांतल्या एका जरी वस्तूसाठी ठरावीक टक्के माल देशी शाईने छापलेला असावा, तिचे परीक्षण रत्नागिरीच्या पावसाळ्यात आणि जैसलमेरच्या उन्हाळ्यात व्हावे, आणि उत्तीर्ण होणाऱ्याला पाच वर्षांची खरेदी मिळावी, एवढे ठरले तरी पाषाणच्या प्रयोगशाळेतील सूत्राला चाकण वा भोसरीत कारखाना शोधावा लागणार नाही, कारखानाच सूत्र शोधत येईल.

घराघरांतूनही काही घडावे लागेल. बारावीनंतर मुलगा रसायनशास्त्र घेतो म्हणाला की 'त्याला कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला नाही वाटते' अशी कुजबूज ज्या समाजात होते, त्या समाजाने शाईच्या कारखान्याची वाट पाहू नये. हारिमाची राळ आणि फुजीची फिल्म ज्यांनी शाईपर्यंत आणली, ते रसायनाचेच पदवीधर होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

इलेक्ट्रॉनिकी खरेदीच्या सरकारी निविदांत पुरवठादाराचा पत्ता, उलाढाल, अनुभव, अनामत असे अनेक रकाने असतात. वाहक द्रव्य कोठे तयार झाले, हे विचारणारा आणखी एक रकाना त्यांत वाढविण्यास फारसा खर्च येणार नाही.